दुचाकीवर पुढच्या-मागच्याने बोलायचे कसे?
हेल्मेटचा इंटरकॉम घेण्यापूर्वी सभासदांनी पाहावयाच्या गोष्टी



आपल्या कार्यक्षेत्रात दुचाकी नाही असे घर आता शोधूनच काढावे लागेल. गट ऑफिसला जायचे, बँकेत जायचे, तालुक्याला दवाखान्यात जायचे, सोयऱ्याच्या लग्नाला जायचे. सगळे गाडीवर, आणि बहुधा डबलसीट. हल्ली तरुण मंडळी हेल्मेटच्या बाजूला एक लहानशी डबी बसवून एकमेकांशी बोलत जाताना दिसतात. ही डबी म्हणजे इंटरकॉम. कारखान्याच्या ऑफिसात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलायला जसा इंटरकॉम फोन असतो तसाच हा, फक्त बिनतारी आणि डोक्यावर बसणारा.

ही वस्तू दोन-अडीच हजार रुपयांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत मिळते. एवढा फरक कशाचा, आपल्याला त्यातले काय उपयोगाचे आणि काय नाही, याची माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे. कोणत्याही कंपनीची जाहिरात करण्याचा हेतू नाही, म्हणून कंपन्यांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत.

मागचे माणूस काय सांगत असते?

काहींना वाटेल, गाडीवर बोलायची गरजच काय? घरी पोचल्यावर बोला की! पण मागे बसलेले माणूस सगळे काही गप्पाच मारत नसते. ते काय सांगते ते बघा.

“अहो थांबा, पदर चाकाकडं चाललाय.”
“आबा, पोतं एका अंगाला कललंय.”
“दादा, हळू घे, मागनं ट्रक येतोय.”
“अहो, पोरगं पेंगायला लागलंय, गाडी बाजूला घ्या.”

यातले प्रत्येक वाक्य वेळेवर ऐकू आले तर अपघात टळतो आणि उशिरा ऐकू आले तर होतो. पदर, ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. पुढच्याचे लक्ष रस्त्यावर असते. मागे काय चालले आहे हे फक्त मागच्यालाच दिसते.

आता नेहमी घडते काय? मागचे माणूस काहीतरी बोलते, पुढच्याला ऐकू येत नाही. तो “काय गं?” म्हणून मान मागे वळवतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. मान वळवून, ऐकून, परत समोर बघायला दोन सेकंद लागले असे धरा. म्हणजे २८ मीटर, नव्वद फुटांच्या वर, गाडी न बघता चालली. हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात, टायर पंक्चर होऊन कडेला उभी राहिलेली बैलगाडी असते, रस्त्यावर पडलेल्या मोळ्या असतात. संध्याकाळी सात वाजता, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीच्या मागे, नव्वद फूट म्हणजे थोडेथोडके अंतर नाही. तेव्हा पुढच्या-मागच्याने बोलण्याची सोय ही चैन नाही, सुरक्षिततेचा भाग आहे.

ऐकू का येत नाही?

पुष्कळांचा समज असा की इंजिनाच्या आवाजामुळे ऐकू येत नाही. हळू चालताना ते खरे आहे. पण ताशी साठ-पासष्टच्या पुढे गाडी गेली की वाऱ्याचा आवाज इंजिनाच्या आवाजाला मागे टाकतो. वारा हेल्मेटच्या कडांवर आपटून घोंगावतो, आणि ताशी १०० च्या सुमारास हेल्मेटच्या आत ९० डेसिबलच्या वर आवाज भरतो. आपल्या देशातल्या कारखान्यांच्या नियमांत कामगाराला आठ तासांसाठी जास्तीत जास्त ९० डेसिबल आवाज चालतो. म्हणजे मोटारसायकलवर सुसाट जाणारा माणूस चालू मिलच्या शेजारी उभा राहिल्यासारखाच असतो.

त्यात आणखी एक अडचण. पुढचा बोलतो ते वारा मागे आणून सोडतो, म्हणून मागच्याला थोडेफार ऐकू येते. पण मागचा बोलतो ते पुढे जातच नाही. जे सांगायचे ते नेमके मागच्याकडे असते, आणि वाट मात्र पुढून मागे मोकळी असते.

यावर पहिला उपाय बिनपैशाचा आहे: वेग कमी करा, हेल्मेटची काच खाली घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा नीट बसवा. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसले की घोंगावणे काही प्रमाणात कमी होते.

आधी दुसरे हेल्मेट, मग इंटरकॉम

इंटरकॉमचा स्पीकर आणि माईक हेल्मेटच्या आत बसतात. मागच्याच्या डोक्यावर हेल्मेटच नसेल तर संच बसवायचा कुठे? तेव्हा खरेदीची सुरुवात दुसऱ्या हेल्मेटपासून होते.

हे सांगण्याचे कारण आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे अपघातात मेली. त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते. हे काही गाडी चालवत नव्हते, वेग यांच्या हातात नव्हता, ब्रेक यांच्या पायाखाली नव्हता. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाने, चालवणाऱ्याने तसेच मागे बसणाऱ्यानेही, हेल्मेट घातले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-ड प्रमाणे एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द अशी शिक्षा आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. मानक क्रमांक ४१५१ आहे, तो आतल्या चिठ्ठीवर पाहून घ्यावा.

आपल्याकडे पुष्कळ घरांत पुढच्याला चांगले हेल्मेट असते आणि घरच्या लक्ष्मीला नुसता पदर. अशा घराने पंधरा हजारांचा इंटरकॉम आणणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आधी दुसरे हेल्मेट घ्या. पैसे उरले तर पुढचे वाचा.

ठरवलेल्या खुणा

इंटरकॉम घेतला तरी आणि नाही घेतला तरी, खुणा घरात ठरवून ठेवाव्यात. उदाहरणार्थ, खांद्यावर एक थाप म्हणजे हळू घ्या. दोन थापा म्हणजे बाजूला थांबवा. पाठीवर सारखी थोपट म्हणजे धोका, आत्ताच्या आत्ता थांबा. थापा खांद्यावरच माराव्यात, दंडावर मारू नयेत. दंड ओढला की हॅण्डल ओढले जाते. निघण्यापूर्वी एकदा तालीम करावी. याला बॅटरी लागत नाही आणि हे पावसात बिघडत नाही. रोज गावातल्या गावात दोन-चार किलोमीटर जाणाऱ्याला एवढ्यावरही भागते.

बोलण्याच्या साधनांचे प्रकार

ही अडचण नवी नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे विमान चालवायला शिकवताना गुरू एका बैठकीत आणि शिष्य दुसऱ्या बैठकीत, वर उघडे आभाळ आणि वाऱ्याचा मारा, अशी पंचाईत होती. त्यांनी एक साधी नळी वापरली. एका टोकाला बोलायचे, दुसरे टोक शिष्याच्या टोपीत कानापाशी. डॉक्टरच्या नळीसारखाच प्रकार. गॉस्पोर्ट नळी म्हणून ती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून साधने बदलली, पण काम तेच राहिले: तोंडापासून कानापर्यंत वाऱ्याला चुकवून आवाज न्यायचा.

१) तारेचा संच. दोन हेल्मेटांत माईक व स्पीकर आणि मध्ये तार. आवाज स्वच्छ येतो. पण उतरताना तार काढायला विसरले की डोके ओढले जाते. आपल्या बाजारात आता क्वचितच दिसतो.

२) ब्लूटूथ संच. मोबाईलमधील ब्लूटूथच यात असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर हे चालते, आणि हा पट्टा आपल्या देशात २००५ पासून परवानामुक्त आहे. लायसन्स काढावे लागत नाही. दोघे एकाच वेळी, फोनवर बोलतात तसे, बोलू शकतात. हात लावावा लागत नाही. एका गाडीवरच्या दोघांसाठी हा प्रकार पुरेसा आहे.

३) मेश संच. चार, आठ, दहा गाड्या एकत्र जाणाऱ्यांसाठी. ब्लूटूथमध्ये अनेक गाड्या जोडल्या तर त्या साखळीने जोडल्या जातात: पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. हे आपल्या पाटाच्या पाण्यासारखे आहे. मधल्याने बारे मोडले की खालचा कोरडा. मेशमध्ये प्रत्येक संच आजूबाजूच्या सर्व संचांशी जोडलेला असतो. एक गाडी मागे राहिली तर बोलणे दुसऱ्या वाटेने जाते, आणि ती गाडी जवळ आली की आपोआप परत जोडली जाते. सोय उत्तम आहे, पण त्याचेच जास्त पैसे पडतात. दहा-वीस जण मिळून लांबच्या प्रवासाला नेहमी जाणार असतील तरच हा घ्यावा.

४) वॉकीटॉकी. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. एका वेळी एकच बोलू शकतो, आणि बटणासाठी हात सोडावा लागतो. डबलसीट गाडीवर याचा उपयोग नाही. कोणाला शेतावर किंवा तोडणीच्या कामासाठी घ्यायचाच असेल तर एक लक्षात ठेवावे: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे वॉकीटॉकी परवानामुक्त आहेत. इतर लहरींवरचे विनापरवाना वापरणे बेकायदा आहे. लहरींचा आकडा खोक्यावर लिहिलेला नसेल तर तो सेट घेऊ नये.

५) कानात इयरफोन घालून मोबाईलवर बोलणे. हे सर्वांत वाईट. कानात बोळा बसल्यासारखा होतो, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, टॉवर गेला की बोलणे तुटते. हेल्मेटचा स्पीकर कानात जात नाही, कानाबाहेर राहतो. त्यामुळे हॉर्न ऐकू येतो. हा फरक मोठा आहे.

“एवढ्या मीटरचा पल्ला” या आकड्याचे काय?

दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट सांगतात ती पल्ल्याची. “हा पाचशे मीटरचा, हा बाराशे मीटरचा, हा त्याच्याही पुढचा.” किंमत या आकड्याबरोबर चढत जाते. इथे सभासदांनी जरा थांबून विचार करावा. आपल्या मागे बसलेले माणूस किती मीटरवर आहे? हात मागे केला तर लागते! एक हात अंतरासाठी बाराशे मीटरचे पैसे कशाला मोजायचे? पाच एचपीने भागत असताना पंधरा एचपीची मोटर बसवण्यासारखे ते आहे.

शिवाय हा आकडा मोकळ्या माळावरचा असतो. मध्ये काही आडवे नाही, दोघे एकमेकांना दिसताहेत, असे धरून काढलेला. घाटात वळण आले, मध्ये टेकडी आली, की पल्ला झपाट्याने घटतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. हिरव्या पानांत पाणी असते, म्हणून झाडी आणि दोन्ही बाजूंचा उभा ऊसही या लहरी अडवतो. आपल्या पाणंदीत वळणापलीकडे गेलेल्या गाडीशी बोलताना खोक्यावरचा आकडा मिळेल असे समजू नये.

दोन गाड्या मागे-पुढे जाणार असतील तर पल्ला बघावा. एकाच गाडीवरच्या दोघांनी त्याकडे बघूच नये. त्याऐवजी पुढील गोष्टी बघाव्यात.

घेताना काय बघावे?

माईक. आवाज किती दूर जातो यापेक्षा वारा किती गाळला जातो हे महत्त्वाचे. पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटसाठी आत हनुवटीपाशी चिकटवायचा लहान माईक असतो. तोंड उघडे असणाऱ्या हेल्मेटसाठी दांडीचा माईक असतो. दोघांची हेल्मेटे वेगवेगळ्या प्रकारची असतील तर दोन्ही माईक खोक्यात आहेत का ते विचारावे. माईकवर स्पंजची टोपी हवीच, आणि माईक ओठांच्या अगदी जवळ हवा.

स्पीकर. तो बरोबर कानाच्या छिद्रासमोर आला पाहिजे. बोटभर वर-खाली झाला तरी आवाज निम्मा होतो, आणि मग “संचच खराब” असे आपण म्हणतो. चांगल्या हेल्मेटमध्ये कानापाशी खळगा असतो. खळगा नसेल तर आतला थर्माकोल कापून जागा करू नये. धक्का बसला की तो थर्माकोलच दाबला जाऊन डोके वाचवतो. तो कापला म्हणजे हेल्मेटची नुसती टोपी उरते. स्पीकर बसत नसेल तर संच परत करावा.

धूळ आणि पाणी. खोक्यावर “आयपी” आणि पुढे दोन आकडे असतात, जसे ६७. पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा पाण्याचा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. पहिल्या आकड्याच्या जागी “एक्स” असेल तर धुळीची परीक्षा झालेली नाही असे समजावे. हंगामात आपल्या रस्त्यांवर पावसाइतकाच धुळीचा प्रश्न असतो, तेव्हा पहिला आकडाही बघावा.

बॅटरी. सलग आठ-दहा तास बोलणे चालले म्हणजे पुरे. लिथियम बॅटरी दोन-चार वर्षांत उतरत जाते, आणि बहुतेक संचांत ती बदलून मिळत नाही. म्हणून फार महाग संच “आयुष्यभराचा” म्हणून घेऊ नये. उन्हात टाकीवर ठेवू नये. उष्णतेने बॅटरी लवकर मरते.

बटणे. हातमोजा घालून किंवा चिखलाच्या हाताने दाबता येतील अशी मोठी हवीत. घरातील वडीलधाऱ्या माणसाला चालू-बंद करता येते का ते दुकानातच करून पाहावे. जे फक्त नातवालाच चालवता येते ते नातू नसताना बंदच राहते.

जोडी. दोन्ही संच एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच मॉडेलचे, जोडीच्या खोक्यात घ्यावेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकमेकांशी नीट जुळत नाहीत, आणि जुळले तरी सगळ्या सोयी मिळत नाहीत. मेश तर बहुधा ज्याच्या-त्याच्या कंपनीपुरतेच चालते.

पावती. गॅरंटीचा कागद व पक्की पावती घ्यावी. दुरुस्ती कोठे होते, संच कोणाच्या खर्चाने पाठवायचा, हे आधी विचारावे. आणि शेवटचे म्हणजे, दुकानाबाहेर दोन्ही हेल्मेटे घालून, गाडीवर एक चक्कर मारूनच पैसे द्यावेत. दुकानात उभे राहून सगळेच संच चांगले ऐकू येतात. खरी परीक्षा वाऱ्यात होते.

काय बोलावे, काय बोलू नये

बोलण्याची सोय झाली की बोलत सुटू नये. येथे एक माहिती उपयोगी आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली मोटारचालकांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणारे चालक आणि मोबाईलवर बोलणारे चालक, अशी तुलना केली. मोबाईलवर बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ठरलेले वळण चुकवले. शेजाऱ्याशी बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते सापडले. कारण सोपे आहे. शेजारच्याला रस्ता दिसत असतो. गर्दी आली की तो गप्प होतो, उलट “वळण आलं बघ” म्हणून सांगतो. फोनवरच्याला रस्ता दिसत नाही, तो आपला बोलतच राहतो.

दुचाकीला हेच लागू आहे. मागे बसलेले माणूस हे दुसरे डोळे आहेत, त्याच्याशी बोलावे. पण त्याच डबीतून येणारा फोन चालत्या गाडीवर घेऊ नये. काही संचांत फोन वाजला की आपोआप उचलला जातो. ती सोय पहिल्याच दिवशी बंद करून घ्यावी. हातात मोबाईल धरून गाडी चालवणे तर कलम १८४ प्रमाणे धोकादायक वाहन चालवण्याचा गुन्हा आहे. गाणी लावली तर आवाज इतकाच ठेवावा की ट्रॅक्टरचा हॉर्न स्पष्ट ऐकू येईल.

थोडक्यात

(१) मागच्याला आयएसआय चिन्हाचे हेल्मेट नसेल तर आधी ते घ्या. (२) खांद्यावरच्या खुणा ठरवून ठेवा. (३) नेहमी डबलसीट, तालुका-जिल्ह्यापर्यंत जाणे-येणे असेल तर एकाच कंपनीचा जोडीचा साधा ब्लूटूथ संच पुरे. (४) मेश फक्त अनेक गाड्यांच्या प्रवासासाठी. (५) पल्ल्याच्या आकड्याला भुलू नका. माईक, स्पीकरची जागा आणि धूळ-पाणी बघा. (६) थर्माकोल कापू नका. (७) फोन थांबल्यावर घ्या.

मागे बसलेल्याचे शब्द पुढच्याच्या कानापर्यंत मान न वळवता पोचले पाहिजेत, एवढेच या सगळ्याचे काम. ते खांद्यावरच्या थापेने झाले तरी उत्तम आणि यंत्राने झाले तरी उत्तम. ऊस घालून रिकाम्या हातांनी परतताना, रात्री-अपरात्री जाताना-येताना, मागून “अहो, थांबा” असे ऐकू आले तर का म्हणून विचारू नका. आधी गाडी बाजूला घेऊन थांबवा, मग विचारा.